व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे एसएमएस नव्हे

"अरे, एसएमएस केला होता की तुला! दोन टिकापण दिसतायत."

टिका दिसत असतील तर तो एसएमएस नाही. हे मी इतक्यांदा सांगून झालंय की आता लोक मला किरकिऱ्या म्हणतात. म्हणोत. हाच माणूस पुढच्या आठवड्यात फोन करतो, "ओटीपी येत नाहीये रे, वायफाय तर फुल आहे." आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, "सिम बंद पडलं. आता व्हॉट्सॲपपण गेलं ना?" तीन वेगवेगळ्या तक्रारी, पण मुळाशी गैरसमज एकच. "मेसेज" या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या व्यवस्था कोंबल्या आहेत, आणि दोन्हींना तोच दहा आकडी नंबर लागतो म्हणून त्या एकच आहेत असं धरून चाललोय.

व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम ही ॲपं कशी वापरायची ते मी सांगणार नाही. तुम्हाला येतंच. ॲपमधला मेसेज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून समोरच्याच्या ॲपकडे. झालं. फोटो, ग्रुप, आवाजी मेसेज हे फरक कुणालाही दिसतात, त्यावर शाई घालवत नाही.

एसएमएस मात्र लोक वापरतात कमी आणि ओळखतात त्याहून कमी. तो इंटरनेटच्या आधीपासूनच्या फोनव्यवस्थेचा भाग आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंजिनिअरने संगणकावरून पाठवला. व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर 'मेरी ख्रिसमस' एवढेच शब्द उमटले. तुम्ही बोलत नसतानाही फोन आणि मोबाइल नेटवर्क यांची अधूनमधून आपसात कुजबुज चालू असते: हा फोन कुठल्या भागात आहे, याला कॉल आलाय का, वगैरे. त्या कुजबुजीच्या वाटेवर जी मोकळी जागा उरत होती, तिच्यात १४० बाइट्सचा निरोप बसवला. म्हणून एसएमएसला डेटा पॅक लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही, आणि कॉल तुटण्याइतकी रेंज कमी असली तरी तो बरेचदा निघून जातो. समोरचा फोन बंद असेल तर नेटवर्कच्या मेसेज सेंटरमध्ये थांबतो आणि फोन चालू झाला की पोचतो. थांबण्याला मुदत असते. ती संपली की निरोप गुपचूप टाकून दिला जातो.

आता मुख्य मुद्दा. नंबर.

एसएमएससाठी नंबर हा पत्ता आहे. ॲपसाठी नंबर हे नाव आहे. या दोन वाक्यांवर जरा थांबा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच होतो.

एसएमएस निघाला की नेटवर्क विचारतं: हा नंबर कुठल्या सिमचा, आणि ते सिम आत्ता कुठे आहे? उत्तर मिळालं की तिथे निरोप टाकतं. सिम ज्या फोनमध्ये असेल त्या फोनमध्ये, मग तो तुमचा असो वा चोराचा. ॲपचा सर्व्हर सिमबद्दल काहीच विचारत नाही. तो विचारतो: या नावाचं खातं कुठल्या फोनवर उघडलंय, आणि तो फोन इंटरनेटला जोडलेला आहे का? खातं उघडताना एकदा, फक्त एकदा, ॲपने तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवून खात्री केली होती की हे नाव तुमचंच आहे. त्यानंतर नंबर ही दारावरची पाटी. माणूस घर बदलताना पाटी काखोटीला मारून कुठेही जाऊ शकतो.

पटत नसेल तर करून बघा. फोन विमान मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू करा. व्हॉट्सॲप बिनतक्रार चालेल, एसएमएस येणार नाही. (तुमच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू असेल तर एसएमएसही येऊ शकतो. तेव्हा वायफाय केवळ टॉवरची बदली करत असतं. प्रयोग करताना ते बंद ठेवा, नाहीतर मलाच खोटं पाडाल.)

मी स्वतः हे परदेशात शिकलो, आणि फार शहाणपणाने शिकलो असं म्हणता येणार नाही. तिथलं सिम घ्यायचं म्हणून आपलं काढून घरीच कपाटात ठेवून गेलो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरने मस्त चालू होतं, सगळ्यांशी गप्पा चालू होत्या, त्यामुळे 'नंबर चालू आहे' या समजुतीत मी निवांत. चौथ्या दिवशी पैसे भरायला गेलो तर ओटीपी येईना. येणार कुठून? ओटीपी कपाटाच्या पत्त्यावर निघाला होता. तिथे सिम होतं, पण फोन नव्हता, त्यामुळे तो मेसेज सेंटरमध्येच ताटकळून मेला असणार.

हाच प्रकार उलटा झाला की तो गंमतीचा राहत नाही. एखादा भामटा तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढतो. त्या क्षणी पत्ता त्याच्याकडे गेला: तुमचे सगळे ओटीपी त्याच्या फोनवर. तुमच्या फोनची रेंज गेलेली असते, पण तुम्ही घरी वायफायवर आहात, व्हॉट्सॲप टणटण वाजतंय, म्हणून तुमच्या लक्षातच येत नाही. "व्हॉट्सॲप चालू आहे म्हणजे सिम ठीक आहे" या एका समजुतीपायी तासन्‌तास हातचे जातात. रेंजचे दांडे अचानक गायब झाले आणि बराच वेळ परतले नाहीत, तर ॲपकडे बघू नका. दुसऱ्या फोनवरून आधी सिम कंपनीला आणि मग बँकेला गाठा.

दुसरी लबाडी याहून सोपी आहे, आणि तिला शिकलेसवरलेले लोक रोज फसतात. भामटा स्वतःच्या फोनवर ॲप उघडतो आणि तुमचा नंबर टाकतो. ॲप खात्रीसाठी कोड पाठवतं. तो जातो तुमच्या सिमवर, एसएमएसने. मग तुम्हाला कुणा 'ओळखीच्या' खात्यावरून विनवणी येते: "चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, जरा सांगता का?" चुकून काहीही आलेलं नसतं. तो तुमच्या नावाचा दाखला असतो आणि तुम्ही तो वाचून दाखवता. पाचव्या मिनिटाला तुमच्या नावाने तुमच्याच नातेवाइकांकडे उसने पैसे मागितले जातात. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन नावाची सोय आहे, तिच्यात सहा आकडी पिन ठरवता येतो. मग नुसत्या एसएमएसच्या कोडवर खातं उघडत नाही. तुम्ही ती अजून चालू केली नसेल तर हा लेख इथेच सोडा, ते करा आणि मग परत या.

नंबर सोडून देणाऱ्यांचंही तेच. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. त्याला तुमचे जुने चॅट दिसत नाहीत, ते तुमच्या फोनमध्ये असतात. पण तुमचे एसएमएस त्याला जातात, आणि तुमच्या नावाची पाटीही तो लावू शकतो. नंबर सोडण्याआधी ॲपमध्ये जाऊन 'चेंज नंबर' करायचं असतं आणि बँकेत नवा नंबर द्यायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं की दुसरं आपोआप होत नाही. काही सरकारं आता ॲपवाल्यांना सांगू लागली आहेत की सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालू द्या. तशी सक्ती करावी लागते यातच काय ते आलं: मुळात दोघांची गाठ बांधलेली नाही.

टिकांबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे सर्व्हरपर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला, निळ्या म्हणजे वाचला. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या आणि तेव्हापासून घराघरांत रुसवेफुगवे चालू आहेत. समोरच्याने वाचल्याची खूण बंद केली असेल तर वाचूनही निळं होत नाही, त्यामुळे टिकांवरून कुणाचं मन ओळखायला जाऊ नये. साध्या एसएमएसवर 'सेंट' दिसतं त्याचा अर्थ तो तुमच्याकडून निघाला, एवढाच. पोचपावती वेगळी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही, आणि वाचल्याची पावती तर नाहीच.

लांबीचा मुद्दा तसा किरकोळ, पण मराठीत लिहिणाऱ्याला तो चटका देतो, म्हणून सांगतो. त्या १४० बाइट्समध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात. देवनागरी ७०. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांनी होत नाही. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर वाटतं. एसएमएसच्या हिशोबात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा. मेसेज लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे पुन्हा जोडायच्या खुणेलाही जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात देवनागरीची ६७ चिन्हंच उरतात. पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. इंग्रजी मेसेजच्या शेवटी एक हसरा चेहरा टाकलात की अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. आपली पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला शिकली त्यात कीपॅडचा दोष होता तसा या ७० चाही होता. ॲपमध्ये हे बंधन नाही, तरी लोक अजून 'kuthe ahes' छापाचंच मराठी रोमन अक्षरांत पाठवतात. त्याला आता काही सबब उरलेली नाही.

गुप्ततेबद्दलचा समज तर पूर्ण उलटा आहे. "बँक एसएमएस पाठवते, म्हणजे एसएमएसच सुरक्षित असणार." बँक एसएमएस पाठवते कारण तो प्रत्येक फोनवर पोचतो. त्याला एंड-टू-एंड कुलूप नाही, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येईल असं. वाटेतल्या नेटवर्कची यंत्रं तो वाचू शकतात. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी फोन कंपन्यांच्या आपसातल्या एसएस७ या जुन्या सिग्नल व्यवस्थेतल्या भोकांतून ओटीपी वळवले आणि बँक खाती रिकामी केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने फोन नेटवर्कवरून कोड पाठवण्याच्या पद्धतीला 'मर्यादित', म्हणजे धोका लक्षात घेऊनच वापरावी अशा, वर्गात टाकलं. पाठवणाऱ्याचं नावही खोटं घालता येतं, त्यामुळे बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत बनावट मेसेज येऊन बसू शकतो.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या चॅटना हेच कुलूप, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, लावलं. मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कुणाशी कधी बोललं हा तपशील वेगळा, तो त्या कुलपात येत नाही. आणि टेलिग्रामला 'सर्वांत गुप्त ॲप' म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तिथल्या नेहमीच्या चॅटना हे कुलूप नसतं. फक्त 'सिक्रेट चॅट' मुद्दाम उघडली तर असतं, आणि ग्रुपला तर नाहीच. गुप्तताच हवी असेल तर माझं मत सिग्नलला.

मग एसएमएस टाकाऊ का? मुळीच नाही. त्याचा कुणी एक मालक नाही. कुठल्याही कंपनीच्या सिमवरून कुठल्याही कंपनीच्या सिमवर तो जातो. ॲप मात्र एकेका कंपनीचं संस्थान. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुकची यंत्रणा सुमारे सहा तास आडवी झाली आणि जगभर व्हॉट्सॲप मुकं झालं. एसएमएस चालू होते. म्हणून 'पोचलो', 'गाडी चुकली', 'दवाखान्यात आहोत' असे निरोप मी अजून एसएमएसने पाठवतो. गप्पा ॲपवर.

एवढं सांगून झालं की कुणीतरी आयफोन पुढे करतं: "मग मेसेजचे हे निळे-हिरवे फुगे काय?" निळा फुगा म्हणजे ॲपलचं आयमेसेज. २०११ पासून आहे, इंटरनेटवरून जातं, म्हणजे स्वभावाने व्हॉट्सॲपचं भावंड. हिरवा म्हणजे ते नव्हे. पूर्वी हिरवा म्हणजे एसएमएस असं डोळे मिटून सांगता यायचं, पण २०२४ मध्ये आयफोनची आयओएस १८ ही प्रणाली आली आणि तिच्यात आरसीएस, म्हणजे एसएमएसची जागा घ्यायला काढलेली नवी व्यवस्था, आलं. तेही इंटरनेटवरून जातं, फोटो नीट पाठवतं, आणि एसएमएसच्याच पेटीत येऊन बसतं. अँड्रॉइडच्या गूगल मेसेजेसमध्ये ते आधीपासून आहे. पेटी एक, वाटा दोन. आत्ता कुठली वाट चालू आहे ते मजकूर लिहायच्या चौकटीत फिकट अक्षरांत लिहिलेलं असतं. तेवढं वाचायची सवय लावा.

आणि आयफोन सोडून अँड्रॉइडवर जाणार असाल तर सिम काढण्याआधी आयफोनच्या सेटिंगमध्ये आयमेसेज बंद करा. नाहीतर सिम नव्या फोनमध्ये जातं, पण तुमच्या नंबराचं नाव ॲपलच्या वहीत तसंच राहतं. मग आयफोनवाले मित्र तुम्हाला मेसेज पाठवत राहतात, त्यांच्याकडे फुगा निळाच दिसतो, आणि तुमच्याकडे काहीच येत नाही. फोन आधीच विकून बसला असाल तर ॲपलच्या साइटवर नंबर काढून घ्यायची सोय २०१४ पासून आहे. तिथे नंबर टाकला की खात्रीचा सहा आकडी कोड येतो. एसएमएसने.