घन बॅटरीतला आयन चालतो कसा?

‘सॉलिड-स्टेट बॅटरी आली, आता आगीची भीती संपली!’ असा निरोप अधूनमधून व्हॉट्सॲपवर येतोच. अशा बॅटरीत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहून नेणारं माध्यम (इलेक्ट्रोलाइट) द्रव नसून घन असतं. वास्तविक पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात ‘ऑटोलिब’च्या भाड्याच्या मोटारी घन पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या, बॅटरीवरच धावत होत्या. मात्र ती बॅटरी ६० ते ८० अंश सेल्सिअसला गरम ठेवावी लागे.

कारण दडलंय पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये, म्हणजे पीईओत. १९७३ साली शेफील्डच्या पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अल्कली धातूंचे (लिथियम, सोडियम यांच्या गटाचे) क्षार या पॉलिमरशी जुळतात. १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी त्याचा बॅटरीसाठी उपयोग सुचवला.

पीईओच्या साखळीत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन असतो. लिथियमच्या धन आयनाला असे पाचेक ऑक्सिजन घेरून धरतात. मग तो पुढे सरकतो कसा? घन पदार्थात बारीक बोगदे असतील आणि त्यांतून तो घरंगळत असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं नसतं. साखळीचा तुकडा सारखा वळवळत असतो. त्या वळवळीत एक ऑक्सिजन दुरावतो, दुसरा जवळ येतो. लोकलच्या गर्दीत आपण पुढची कडी हाती आल्यावरच मागची सोडतो, तसंच हे. फक्त इथे कड्याच हलून हाताशी येतात. साखळी थिजली की आयनही अडकला. साध्या तापमानाला पीईओचा बराच भाग स्फटिकरूप, म्हणजे थिजलेला असतो, आणि वाहकता द्रव इलेक्ट्रोलाइटच्या दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी भरते. ६५ अंशांच्या आसपास स्फटिक वितळतात आणि वाहकता झपकन चढते.

मग आयन पुरवणारा लिथियमचा क्षार वाढवला तर? आयन वाढतात, पण तेच साखळ्यांना एकमेकींशी जखडतात. ज्या तापमानाखाली साखळ्या काचेसारख्या थिजतात ते काच-संक्रमण तापमान वर जातं आणि वळवळ मंदावते. शिवाय ऋण आयनांना साखळी धरून ठेवत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त प्रवाह तेच वाहतात, आणि आपल्याला हवा असतो लिथियमचा.

आगीचं म्हणाल, तर २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये याच जातीच्या बॅटरीच्या दोन बस पेटल्या आणि तशा १४९ बस तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. आत लिथियम धातू असतो. ‘घन’ म्हटल्याने तो थंड डोक्याचा होत नाही!

त्या धातूवर उगवणारे सुईसारखे काटे रोखायला पॉलिमर कडक हवा, आयन चालायला मऊ. म्हणून आता एकाच रेणूत कडक आणि मऊ तुकडे आलटूनपालटून जोडून पाहतात: कडक भाग आकार धरतो, मऊ भागातून लिथियम जातो.