फवाऱ्याची टाकी आणि ई-८५: सुपरचार्ज इंजिनांमागचा इतिहास

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, बसवलेल्या पेट्रोल गाडीत नॉकिंग (दाब आणि उष्णतेने इंधन आपोआप पेटून इंजिनाला बसणारे ठोके) आवरायचं, तर आज दोन वाटा समोर असतात. एक, आत जाणाऱ्या हवेत पाणी आणि मिथेनॉल या अल्कोहोलचा फवारा मारून ती थंड करायची. दुसरी, मुख्य टाकीतच ई-८५, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, भरायचं. वाद बहुधा हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर रंगतो. इतिहासात मात्र निकाल पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नावर लागलेला दिसतो: फवाऱ्याची टाकी रिकामी झाली, तर इंजिनाचं काय होणार?

शर्यतींत सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण अल्कोहोल मुख्य टाकीतच असायचं. १९३७ च्या मर्सिडीज डब्ल्यू-१२५ च्या इंधनात मिथेनॉल सुमारे ४० टक्के, इथेनॉल सुमारे २४ टक्के आणि पेट्रोल नावापुरतं. १९५१ ची दीड लिटरची अल्फा रोमिओ १५९ चारशेच्या वर हॉर्सपॉवर काढायची, पण १०० किलोमीटरला शंभराहून जास्त लिटर इंधन प्यायची. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला इंधनासाठी दोनदा थांबून ती सुपरचार्जर नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीकडून हरली. १९५८ पासून फॉर्म्युला वनमध्ये अल्कोहोल बंदच झालं.

वेगळ्या टाकीची सवय लावली विमानांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये एमडब्ल्यू-५० नावाचं मिश्रण वापरलं गेलं: निम्मं मिथेनॉल, जवळजवळ निम्मं पाणी आणि गंज धरू नये म्हणून अर्धा टक्का तेल. एका दमात फार तर दहा मिनिटं. वैमानिकाला ही मर्यादा ठाऊक असे आणि टाकी भरून ठेवायला जमिनीवर माणसं असत.

तीच रचना १९६२ मध्ये घरगुती गाडीत आली, ओल्डस्मोबाईल जेटफायरमध्ये, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय तिथेच झाला. ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा सुपरचार्जरच. २१५ घनइंचांतून २१५ हॉर्सपॉवर. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जास्तीचा दाब, द्यायचा तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) उतरवायचं, हा सरळ मार्ग. त्याच उद्योगसमूहाच्या टर्बो कॉर्व्हेअरमध्ये त्याच वर्षी ते ८:१ ठेवलं होतं आणि फवाऱ्याची गरज पडली नाही. जेटफायरमध्ये मात्र १०.२५:१ तसंच ठेवलं आणि नॉकिंगचा भार ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ नावाच्या पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणावर टाकला. मिश्रण संपलं की एक झडप बूस्ट अडवायची. इंजिन वाचायचं, पण गाडी ढिली पडायची. मालक मिश्रण भरायला विसरायचे आणि तक्रार गाडीची करायचे. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या बनल्या नाहीत. १९६५ मध्ये कंपनीने टर्बो फुकट काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

मिथेनॉलचा फवारा फसला, याचा पुरावा म्हणून जेटफायर सर्रास दाखवली जाते. मला हे अन्यायाचं वाटतं. फवारा त्याचं काम चोख करत होता. गाडीचं रोजचं पळणं त्याच्या भरवशावर सोडलं, ही चूक. कॉम्प्रेशन उतरवलं असतं, तर फवारा जास्तीच्या ताकदीपुरता राहिला असता. दुसरी बाजूही खरी आहे: बूस्ट चढायच्या आधी गाडी मरगळलेली वाटू नये, म्हणून ते चढं ठेवलं होतं. पण नॉकिंग ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेणारा सेन्सर नसलेल्या त्या काळात हा जुगार मोठा होता.

ई-८५ ने हा पेच मुख्य टाकीतच सोडवला. वाफ होताना मिथेनॉल किलोमागे सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषतं, इथेनॉल त्याहून कमी. तरीही एक किलो इंधनाला पेट्रोलच्या बाबतीत १४.७ किलो हवा लागते, ई-८५ ला दहाच्या आत. म्हणजे तेवढ्याच हवेत वजनाने दीडपट इंधन जातं आणि थंडावा त्या हिशेबाने वाढतो. २००७ ची कोनिगसेग सीसीएक्सआर पाहा: दोन सुपरचार्जरचं व्ही-८, पेट्रोलवरच्या सीसीएक्समध्ये ८०६ हॉर्सपॉवर, ई-८५ वर १,०१८. २०२३ च्या सुपरचार्ज डॉज डेमन १७० मध्ये ई-१० वर (१० टक्के इथेनॉल) ९००, ई-८५ वर १,०२५.

त्यासाठी मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप लागतो. शिवाय अमेरिकेत ई-८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांत कुठेही असू शकतं, म्हणून इंधनाच्या नळीत प्रमाण मोजणारा सेन्सर हवाच. ई-८५ न मिळणाऱ्या भागात फवाऱ्याची किट अजून विकली जातात. काही जण त्यात थंड प्रदेशातलं, काच धुण्याचं निळं मिथेनॉलयुक्त पाणी ओततात. बरी किट प्रवाह मोजतात आणि नोझल तुंबलं की बूस्ट तोडतात. जेटफायरच्या झडपेचाच हा वारसा. मात्र फवाऱ्याच्या जिवावर टायमिंग पुढे नेऊन ठेवलं असेल आणि हा मोजमापाचा भाग पैसे वाचवायला वगळला असेल, तर पंप बंद पडल्यावर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला झाले; आज पंपावर ई-२० मिळतं. त्याने ऑक्टेन (इंधनाची नॉकिंग टाळण्याची क्षमता) चढतो, पण थंडावा ई-८५ च्या जवळपासही जात नाही. परदेशातून ई-८५ साठी केलेलं ट्यूनिंग आणून ई-२० वर चालवलं, तर सुपरचार्ज इंजिन बूस्टखाली नॉक होणारच.