१२३४५६७८९८७६५४३२१
सतरा अंकी विषम संख्या. १११११११११ (नऊ एक) हिचा वर्ग. डावीउजवीकडून सारखीच वाचली जाते. भास्कराचार्यांच्या स्थाननामांप्रमाणे हिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली पडतो. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी अभ्यासलेल्या 'डेम्लो' संख्यांपैकी ही सर्वांत परिचित.

कापरेकरांच्या व्याख्येत संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात. मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा) येतो आणि कडेच्या दोन भागांची बेरीज त्याच अंकाची आवृत्ती असते. उदा., २५५३ मध्ये २ + ३ = ५. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९. म्हणून केवळ शिखरासारख्या मांडणीला 'डेम्लो' म्हणणे अपुरे आहे, जरी आज बहुधा तोच अर्थ घेतला जातो.

नावाच्या उगमाबद्दल दोन कथने आढळतात. एकानुसार १९२३ च्या सुमारास मुंबई–ठाणे मार्गावर 'डेम्लो' स्थानकात गाडी बदलताना कापरेकरांना ही कल्पना सुचली. दुसऱ्यानुसार डेम्लो म्हणजे मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचे आजचे डोंबिवली. अंतर डोंबिवलीशी जुळते, पण डोंबिवली ठाण्याच्या पुढे आहे. तेव्हा पहिल्या कथनातील मार्गाचा उल्लेख सैल मानावा लागतो. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले आणि १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. ठाणे–पुणे प्रवासात डोंबिवली वाटेतच लागते. दुसरे कथन त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

अशी मांडणी मात्र जुनी आहे. महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (इ.स. सु. ८५०) १२३४५६५४३२१ ही संख्या 'एकपासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी' अशी वर्णिली असून ती २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून मिळते. सहा एकांचा वर्गही तोच. कापरेकरांना हे ठाऊक होते असे गृहीत धरण्याची गरज नाही.

अवयव : ३<sup>४</sup> × ३७<sup>२</sup> × ३३३६६७<sup>२</sup>; एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१ असून तिने संख्येला निःशेष भाग जातो (भागाकार १२३४५६७९ चा वर्ग), म्हणजे कापरेकरांच्याच परिभाषेत ही 'हर्षद' संख्याही ठरते. तिला ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग येतो. दशमान पद्धतीत हा आकृतिबंध नऊ एकांपर्यंतच टिकतो. दहा एकांच्या वर्गात हातचा मध्ये येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळते.

संगणकावर पडताळा घेताना जपावे. ६४ बिटांच्या नेहमीच्या तरत्या बिंदूच्या (फ्लोटिंग-पॉइंट) मांडणीत २<sup>५३</sup> च्या पुढच्या विषम संख्या नेमक्या साठवता येत नाहीत, त्यामुळे शेवटच्या १ च्या जागी ० उमटतो. कागदावर मात्र नऊ ओळींचा गुणाकार पायरीपायरीने सरकवत मांडला की स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा चढत ९ पर्यंत जातात आणि तशाच उतरतात. कुठेही हातचा लागत नाही.