नळीतल्या रक्तात गाठीचा माग

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग एकदा फुप्फुसात, यकृतात पसरला की घरातले सगळे स्कॅनच्या तारखेकडे डोळे लावून बसतात. गोळ्या लागू पडताहेत का, हे तोवर कळत नाही. ते आठवडे फार जड जातात. म्हणून दंडाला पट्टा बांधून काढलेल्या दोन नळ्या रक्तातून ते आधी कळू शकतं, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. निरोगी पेशींचेही येतात. 1948 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मांडेल आणि मेते या संशोधकांनी ते प्रथम दाखवले. मग गाठीचा तुकडा ओळखायचा कसा? त्वचेच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठीत बीआरएएफ या जनुकात बदल असतो. बहुतेकदा तो डीएनएच्या एका अक्षराचा, टीच्या जागी ए. तेवढ्यानेच पेशीला मिळणारा 'वाढ' हा हुकूम थांबेनासा होतो.

प्रयोगशाळेत नमुन्याचे तेलात सुमारे 20,000 सूक्ष्म थेंब करतात. ज्या थेंबात बदललेलं अक्षर असेल तो वेगळ्या रंगात चमकतो. ते थेंब मोजायचे. पण साध्या नळीतलं रक्त तासन्‌तास तसंच पडून राहिलं, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या गर्दीत गाठीचे मोजके तुकडे हरवतात. त्यामुळे नमुना पोचवणाऱ्या माणसाची घाई फार महत्त्वाची.

हे तुकडे रक्तात काही तासही टिकत नाहीत, म्हणूनच खबर ताजी असते. डाब्राफेनिब ही मेलॅनोमावरची गोळी एकटी किंवा ट्रामेटिनिब या दुसऱ्या गोळीसोबत घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास 2021 साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. मुख्य गटातल्या 345 जणांपैकी 320 जणांच्या रक्तात उपचारांआधी हे तुकडे सापडले होते. चौथ्या आठवड्यात ज्यांच्या रक्तातून ते दिसेनासे झाले, ते जास्त जगले. मात्र रिपोर्ट पाहून औषध लवकर बदललं तर आयुष्य वाढतं, हे अजून सिद्ध व्हायचंय.

आपल्याकडे मेलॅनोमा कमी, पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली असतो. तिथल्या गाठीत बीआरएएफमधला बदल कमी वेळा आढळतो, म्हणून एवढं एकच अक्षर शोधून भागत नाही.

आणि गाठ मेंदूत असेल, तर तिचे तुकडे रक्तात फारसे उतरतच नाहीत. रक्ताचा रिपोर्ट कोरा आला तरी मेंदूचा एमआरआय टाळता येत नाही.