'तेच प्लास्टिक, फक्त पातळ': इन्व्हर्टरचा सेपरेटर आणि लिथियमचा सेपरेटर

ओळखीचे एक बॅटरीवाले काका आहेत. चाळीस वर्षांचा धंदा. पूर्वी काळ्या कडक रबराच्या डब्यातल्या बॅटऱ्या यायच्या, वरून डांबर ओतून बंद केलेल्या. काका ते डांबर तापवून खरवडायचे, प्लेटांचा जुडगा वर ओढायचे, खराब सेपरेटर काढून नवे घालायचे आणि बॅटरी पुन्हा वर्षभर चालायची. परवा गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर इलेक्ट्रिक स्कूटरचा लिथियम पॅक उघडा पडला होता. त्यातला एक सेल गेलेला. काका हॅकसॉ शोधत होते. म्हणाले, "सर, सेल कापून बघतो. आतला सेपरेटरच फाटला असणार. बदलून टाकू. प्लास्टिक तेच तर असतं, फक्त पातळ."

काकांचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे. पाणी घालाव्या लागणाऱ्या आजच्या बहुतेक लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडच्या, इन्व्हर्टरला लागतात तशा) बॅटऱ्यांत दोन प्लेटांमधला पडदा पॉलिथीनचा असतो. लिथियमच्या सेलमध्येही पॉलिथीनच, नाहीतर त्याचंच भावंड पॉलिप्रॉपिलीन. दोन्हीकडे नाव एकच, सेपरेटर. दोन्हीकडे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. लेड-ॲसिडच्या पडद्यांतलं मोठं नाव डॅरॅमिक आणि लिथियमच्या पडद्यांतलं मोठं नाव सेलगार्ड. २०१५ साली जपानच्या आसाही कासेई कंपनीने ही दोन्ही एकाच व्यवहारात विकत घेतली. तेव्हा दोन्हीत गल्लत झाली तर नवल नाही. पण 'फक्त पातळ' हे खरं नाही, आणि हातात हॅकसॉ असताना हा गैरसमज फार धोक्याचा आहे.

आधी दोघांचं समान काम पाहू. बॅटरीत दोन विरुद्ध प्लेटा जितक्या जवळ तितकं चांगलं, पण एकमेकींना टेकल्या की शॉर्ट. मध्ये पूर्ण बंद प्लास्टिक घातलं तर आयन, म्हणजे द्रावातले विद्युतभारित कण, अडतात आणि बॅटरी चालतच नाही. म्हणून पडदा असा हवा की प्लेटेचे कण आणि विजेचा थेट प्रवाह अडावा, पण द्राव आणि त्यातले आयन आरपार जावेत. इथवर दोन्ही सेपरेटर सारखे. फरक पडतो तो द्रावामुळे.

लेड-ॲसिड बॅटरीतलं ॲसिड नुसतं भरलेलं नसतं, ते खर्च होतं. वीज देताना दोन्ही प्लेटा सल्फ्युरिक ॲसिड खातात, शिशाचं सल्फेट बनतं आणि पाणी सुटतं. काका हायड्रोमीटर बुडवून रोज हेच तर मोजतात: भरलेल्या बॅटरीत ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२४ ते १.२८ आणि उतरलेल्या बॅटरीत त्याच्या बरंच खाली. म्हणजे ॲसिड हा प्लेटांचा शिधा आहे. तो प्लेटेच्या तोंडाशी साठलेला हवा. म्हणूनच या सेपरेटरला उभे कंगोरे असतात. मूळ पडदा साधारण २०० ते २५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांएवढा. कंगोरे धरून जाडी मिलिमीटरच्या घरात जाते. कंगोऱ्यांची बाजू बहुधा पॉझिटिव्ह प्लेटेकडे ठेवतात. तिला ॲसिड जास्त लागतं, शिवाय तिच्यातलं लेड डायऑक्साइड प्लास्टिकला हळूहळू जाळत असतं, त्यामुळे पडदा तिच्यापासून दोन बोटं दूर, असं म्हणू या. काकांनी हे कंगोरे हजार वेळा बोटांनी चाचपले असतील. ती जागा ॲसिडसाठी राखलेली असते.

लिथियम-आयन सेलमध्ये असं काही नाही. तिथला द्राव म्हणजे सेंद्रिय विद्रावकात विरघळलेलं लिथियमचं क्षार. तो शिधा नाही, रस्ता आहे. एका प्लेटेतून निघालेलं लिथियम दुसऱ्या प्लेटेत जाऊन बसतं, आणि द्रावाचा साठा साधारण तेवढाच राहतो. मग रस्ता जितका आखूड तितकं बरं. त्यात हा द्राव पाण्यातल्या ॲसिडच्या मानाने आयन फार सावकाश वाहून नेतो. पडदा जाड ठेवला तर सेल तापेल आणि जागाही फुकट जाईल. सुरुवातीच्या सेलांत पडदा २५ मायक्रॉनचा असे. आता फोनमध्ये तो १० मायक्रॉनच्या आसपास आणि त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर एका केसाच्या जाडीत असे सात पडदे मावतील. इथे कंगोरे नकोत, फट नको. प्लेटा आणि पडदा एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि सगळं भाकरीच्या सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं.

गुंडाळीवरून आठवलं. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी पहिली लेड-ॲसिड बॅटरी बनवली तीही सुरळीच होती: शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या. पुढे लाकडाचे पातळ पापुद्रे आले. देवदाराच्या जातीचं लाकूड अल्कलीत उकळून त्यातली घातक द्रव्यं काढून टाकत. मग सच्छिद्र रबर आलं, रेझिन पाजलेला कागद आला, पीव्हीसी आलं. आज आपण ज्याला पॉलिथीनचा सेपरेटर म्हणतो तो १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला.

हा पडदा कसा बनतो ते ऐकून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो, कारण दोघांची रेसिपी जवळजवळ एकच आहे आणि तरी माल वेगळा निघतो. दोन्हीकडे अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथीन घेतात, त्यात भरपूर खनिज तेल मिसळतात आणि तापवून त्याचा पत्रा ओढतात. थंड होताना तेल आणि प्लास्टिक वेगळे होतात, प्लास्टिकच्या जाळीत तेलाचे सूक्ष्म कप्पे राहतात. मग एखाद्या विद्रावकाने तेल धुऊन काढतात. जिथे तेल होतं तिथे छिद्र उरतं.

आता फरक. लेड-ॲसिडच्या मिश्रणात सिलिकाची बारीक भुकटी ढिगाने घालतात. तयार पडद्यात वजनाने निम्म्याहून जास्त सिलिकाच असते, म्हणजे तो प्लास्टिकचा कमी आणि वाळूच्या जातीच्या भुकटीचा जास्त. कारण पॉलिथीनला पाणी धरवत नाही, दुधाच्या पिशवीवर थेंब ओघळतो तसंच ॲसिड ओघळून जाईल. सिलिका ॲसिड शोषून घेते आणि छिद्रं मिटूही देत नाही. आणखी एक गोष्ट: तेल सगळं काढत नाहीत. दहा-पंधरा टक्के मुद्दाम ठेवतात. पॉझिटिव्ह प्लेटेचा जाळ आधी ते तेल सोसतं, प्लास्टिक नंतर.

लिथियमच्या पडद्यात सिलिका आत नसते आणि तेल काढून टाकावंच लागतं, मागे राहून चालत नाही. शिवाय तो पत्रा लांबी-रुंदी दोन्हींकडे ताणतात. ताणल्यामुळे तो पातळ होतो, छिद्रं सुटतात आणि ताकदही येते. (तेलाशिवायची कोरडी पद्धतही आहे. त्यात पॉलिप्रॉपिलीन एकाच दिशेने ताणून चिरांसारखी छिद्रं पाडतात. असा पडदा एका दिशेने सहज फाटतो.) या पडद्याचा पांढरा रंग छिद्रांमुळेच येतो. हवा भरलेल्या छिद्रांवर उजेड विखुरतो. द्राव पडला की तोच पडदा भज्यांच्या तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक होतो.

पण ताणलेल्या प्लास्टिकला आपला ताण आठवत असतो. शेगडीजवळ धरलेली पॉलिथीनची पिशवी कशी गोळा होते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे लिथियमच्या सेपरेटरकडे एक असं काम येतं जे लेड-ॲसिडच्या सेपरेटरला कधीच करावं लागत नाही. सेल तापून सुमारे १३० अंश सेल्सिअसला पोहोचला की पॉलिथीन वितळू लागतं, छिद्रं बुजतात, आयनांचा रस्ता बंद होतो आणि सेल स्वतःला थांबवतो. ही सोय आहे. पण तापमान आणखी चढलं तर तोच पडदा आकसतो, कडांना प्लेटा उघड्या पडतात आणि एकमेकींना टेकतात. द्राव पेट घेणारा. म्हणून काही ठिकाणी तीन थर देतात, मध्ये पॉलिथीन आणि दोन्ही बाजूंना पॉलिप्रॉपिलीन. मधला थर १३० ला बुजतो, बाहेरचे १६५ अंशांपर्यंत आकार धरून ठेवतात. आजकाल पडद्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या सिरॅमिकचा दोन-तीन मायक्रॉनचा लेप असतो, तोही पडदा आकसू नये म्हणून. खनिज भुकटी दोन्हीकडे आहे हे इथे लक्षात येईल. एकीकडे ती पडद्याच्या आत असते आणि ॲसिड धरते, दुसरीकडे वर असते आणि उष्णतेत पडद्याला सांभाळते.

या दोन सेपरेटरांची अदलाबदल केली तर? लिथियमचा पडदा ॲसिडमध्ये घातला तर तो भिजणारच नाही, शिध्याला जागा उरणार नाही आणि लेड डायऑक्साइड त्याला लवकरच खाऊन टाकेल. उलट, लेड-ॲसिडचा पडदा लिथियमच्या सेलमध्ये घातला तर जाडीपायी सेल निकामी होईल, उरलेलं तेल द्रावात जाईल, आणि सर्वांत वाईट म्हणजे सिलिकेने धरून ठेवलेला ओलावा लिथियमच्या क्षाराशी भिडून हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनवेल. प्लास्टिकचं नाव एकच असून भागत नाही ते असं.

दोघे मरतातही वेगवेगळे. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर पार उतरला आणि बॅटरी तशीच दिवसेंदिवस पडून राहिली, तर ॲसिड जवळजवळ पाणी होतं. त्या पाण्यात शिशाचं सल्फेट थोडं जास्त विरघळतं, सेपरेटरच्या छिद्रांत शिरतं, आणि पुन्हा चार्ज करताना तिथेच शिशाचे बारीक काटे उगवतात. काटा आरपार गेला की सेल गेला. सहा सेलांतला एक गेला की १२.६ व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास येते, आणि काका मीटर लावूनच सांगतात, "एक सेल बसलाय." बॅटरी तापते, जास्त बुडबुडे सोडते. बुडबुड्यांतल्या हायड्रोजनजवळ ठिणगी नकोच, तो धोका आहेच. पण आत पाणी आणि शिसं आहे, ते पेटत नाही.

लिथियमच्या सेलमध्येही काटे उगवतात. थंडीत किंवा फार जोरात चार्ज केलं की लिथियम निगेटिव्ह प्लेटेतल्या ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन बसतं. दहा मायक्रॉनचा पडदा भेदायला त्याला लांब जावं लागत नाही. आणि भेदल्यावर सगळी साठवलेली ऊर्जा त्या एका टाचणीएवढ्या जागेतून सुटते. २०२१ साली जनरल मोटर्सने शेव्हरले बोल्टच्या १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. एलजीने पुरवलेल्या सेलांत दोन दोष एकाच वेळी आढळले होते: निगेटिव्हची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर. कारखान्यातली एक घडी, आणि गाड्यांना आगी. तशीच घडी लेड-ॲसिडच्या सेपरेटरमध्ये राहिली तर सहसा सेल अकाली मरतो, ग्राहक वॉरंटी कार्ड घेऊन येतो, एवढंच होतं.

जाता जाता दोन गोष्टी, कारण दुकानात त्यांच्यावरूनही गोंधळ होतो. ट्युब्युलर बॅटरीतल्या पॉझिटिव्ह प्लेटेवर जे पॉलिएस्टरचं नळ्यांचं कापड असतं तो सेपरेटर नव्हे. ते प्लेटेचा माल गळू देत नाही, पडदा वेगळा असतो. आणि यूपीएसमधल्या सीलबंद बॅटरीत बहुधा प्लास्टिकचा पडदा नसतोच, काचेच्या तंतूंची गादी असते. ती पूर्ण भिजवत नाहीत, जेणेकरून पॉझिटिव्हकडून निघालेला ऑक्सिजन तिच्यातून निगेटिव्हकडे जाऊन पुन्हा पाणी बनवेल. म्हणूनच तिथे पाणी घालावं लागत नाही.

काकांना मी यातलं सगळं सांगितलं नाही. तीनच गोष्टी सांगितल्या. सेलच्या आत हातभर लांब पट्ट्यांची सुरळी आहे. ती एकदा सुटली की त्याच ताणाने पुन्हा गुंडाळणं हाताने होत नाही, म्हणून सेपरेटर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरं, सेल मेलेला दिसला तरी आत चार्ज असू शकतो, आणि हॅकसॉची पात दोन्ही प्लेटांना एकदम जोडते. तिसरं, हवेतला ओलावा लागला की त्या द्रावातून जी वाफ सुटते ती फुप्फुसांना जाळते. काका थोडा वेळ गप्प होते. चाळीस वर्षं ॲसिडमध्ये हात घातलेला माणूस, त्याला धोका समजावून सांगावा लागत नाही, तो कुठे आहे एवढंच दाखवावं लागतं.

"मग हा टाकायचा कुठे?" त्यांनी विचारलं. भंगारात नाही, म्हटलं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्याने स्कूटर विकली त्याच्याकडेच पाठवा. काकांनी सेलच्या दोन्ही टोकांना काळी टेप लावली, दुकानातल्या पोराला पॅक बाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर, उन्हापासून दूर ठेवायला सांगितला, आणि स्कूटरवाल्या मुलाला फोन लावला.