काशाची वाटी (पादाभ्यंग)

तळपायांना तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीच्या बुडाने ते घासण्याची घरगुती पद्धत. महाराष्ट्रात ती विशेष रूढ आहे. दिवसभर उभे राहून आलेला शिणवटा, तळव्यांची आग आणि झोप न लागणे यांवर ती घरोघर करतात.

पायांना स्नेह (तेल-तूप) लावण्याला, म्हणजे पादाभ्यंगाला, शास्त्राधार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात त्याची फळे सांगितली आहेत : पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, थकवा व बधिरपणा लगेच शमतो, पायांत बळ आणि स्थैर्य येते, दृष्टी निवळते, गृध्रसी (कमरेपासून पायात उतरणारी कळ, सायटिका) व भेगा होत नाहीत. संहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान धरतात. आजच्या पाठावर दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याचा हात फिरला आहे. परंतु त्याने पूर्ण केलेला भाग म्हणजे चिकित्सास्थानातील १७ अध्याय, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान. म्हणून सूत्रस्थानातील हा उतारा जुन्या थरातला मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (बहुधा इ. स. सातवे शतक) अभ्यंग रोज करावा, आणि डोके, कान व पाय यांना विशेषेकरून करावा, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या उत्तरस्थानात तळपायांतून डोळ्यांकडे जाणाऱ्या दोन शिरा कल्पिल्या आहेत. आधुनिक शरीररचनाशास्त्रात अशा शिरा नाहीत. ‘तळव्याला तूप चोळलं की डोळे थंड होतात’ ही घरातली समजूत मात्र याच परंपरेतली दिसते.

या वचनांत वाटीचा उल्लेख नाही. वाटीचा वापर थेट संहिताकाळापर्यंत नेणारे मत प्रचारात असले, तरी ग्रंथांतला अभ्यंग आणि घरातले भांडे यांची सांगड लोकव्यवहारात पडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप वाग्भट वर्ज्य ठरवतो. तूप आणि कासे यांचा एकमेकांवर परिणाम होतो, हे जुन्या वैद्यांच्या ध्यानात आले होते, असे यावरून म्हणता येते.

कासे म्हणजे तांबे व कथिल यांचा मिश्रधातू. चांगल्या काशात तांबे सुमारे ७८ टक्के व कथिल २२ टक्के असते. कथिल इतके असले की धातू थंड स्थितीत ठिसूळ राहतो, ठोकला तर तडकतो. त्यामुळे तो लालबुंद तापवून ठोकावा लागतो आणि पाण्यात विझवावा लागतो. ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. विदर्भात माहूरझरीसारख्या महापाषाणयुगीन स्थळी कथिलाचे प्रमाण जास्त असलेल्या काशाच्या वस्तू मिळाल्या आहेत. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. बाजारात पितळी वाटीही काशाची म्हणून विकली जाते. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारली, तर काशाचा नाद स्वच्छ व लांबत जाणारा येतो.

घासताना तळपाय काळे पडतात. ही अंगातून निघालेली उष्णता, असे घरोघर सांगतात. हा रंग मुख्यतः धातूचा आहे : घर्षणाने सुटलेले सूक्ष्म कण आणि तेलातल्या मेदाम्लांशी तांब्याची होणारी क्रिया यांतून तो येतो. वापरलेल्या वाटीचे बूड आरशासारखे चकाकते, ते याच झिजेमुळे. काळेपणा कमी-जास्त होण्यावरून प्रकृतीचे निदान करू नये. घासण्याने मिळणारा आराम खरा आहे, आणि तो चोळणे, स्नेह व विसावा यांचे फळ मानायला हरकत नाही.

खोबरेल, तिळाचे तेल, एरंडेल किंवा साजूक तूप लावून टाचेपासून बोटांकडे घासतात. वेळ बहुधा निजण्यापूर्वीची. नंतर तळवे जुन्या फडक्याने कोरडे पुसावेत. तेलकट पायांनी फरशीवर उतरल्यास घसरण्याची भीती असते. घमेल्यात कोमट पाणी व मीठ घालून पाय बुडवणे हा याचा सोपा जोडीदार. निसर्गोपचारात तेच उष्ण पादस्नान होते. बव्हेरियातील सेबास्टियान क्नाइप (१८२१–१८९७) यांनी जलोपचार युरोपात लोकप्रिय केले. महाराष्ट्रात १९४६ मध्ये स्थापन झालेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम प्रसिद्ध आहे.

अलीकडे विजेवर फिरणारी काशाची थाळी आली आहे. खुर्चीत बसून तेल लावलेले तळवे तिच्यावर ठेवायचे, घासण्याचे काम थाळी करते. पाणी गरम ठेवणारी, बुडबुडे सोडणारी प्लॅस्टिकची टबेही घरांत आली आहेत.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असल्यास चटका किंवा जखम कळत नाही. अशा व्यक्तीने यंत्र किंवा गरम पाणी डॉक्टरांना विचारूनच वापरावे, आणि पाण्याची धग दुसऱ्या कोणाकडून कोपराने पाहून घ्यावी. उघड्या भेगांवर, जखमेवर वाटी फिरवू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती न चोळता लगेच डॉक्टरांकडे जावे. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते.