युरोपात उद्योगाची बाजू मांडायची, तर आधी पारदर्शकता नोंदवहीत नाव नोंदवा

२० फेब्रुवारी २०२४ रोजी बेल्जियममधल्या अँटवर्पला बीएएसएफ या रसायन कंपनीच्या कारखान्यात सत्तरहून अधिक उद्योगप्रमुख जमले. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्या हाती त्यांनी एक जाहीरनामा दिला. हरित कराराच्या (युरोपीय संघाच्या हवामान धोरणाच्या) जोडीला उद्योगासाठीही करार हवा, वीज परवडली पाहिजे, नियमांचा गुंता सुटला पाहिजे, अशा त्यातल्या मागण्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या अहवालाने सांगितले की स्पर्धेत टिकायला युरोपला दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक लागेल. आणि २६ फेब्रुवारी २०२५ रोजी आयोगाचे ‘क्लीन इंडस्ट्रियल डील’ हे स्वच्छ उद्योगांसाठीचे धोरण जाहीर झाले.

बड्या कंपन्यांचा आवाज असा पोहोचतो. पण ओतकाम करणाऱ्या किंवा यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या संघटनेलाही वीजदरावर आणि परवान्यांच्या विलंबावर सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ब्रुसेल्समध्ये अधिकृतपणे सांगायचे, तर आयोग, संसद आणि परिषद या युरोपीय संघाच्या तिन्ही संस्थांच्या सामाईक पारदर्शकता नोंदवहीत, म्हणजे धोरणांवर प्रभाव पाडू पाहणाऱ्यांच्या जाहीर यादीत, नाव लागते. २० मे २०२१ च्या करारानुसार ही व्यवस्था चालते. नोंदणी ऑनलाइन होते आणि शुल्क काहीही नाही.

कोणी नोंदवायचे?

युरोपीय संघाचे धोरण किंवा कायदा घडताना त्यावर प्रभाव पाडण्यासाठी काम करणारी कोणतीही कंपनी, व्यापारी संघटना, सल्लागार संस्था किंवा स्वयंसेवी संस्था. बैठका घेणे, भूमिकापत्र किंवा खुले पत्र लिहिणे, दुरुस्त्या सुचवणे, प्रचारमोहीम चालवणे, हे सगळे त्यात आले. मुख्यालय युरोपातच हवे अशी अट नाही. कार्बन सीमा समायोजनाची (आयात मालाच्या निर्मितीतल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकारणीची) झळ लोखंड-पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आयातीला बसते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या निर्यातदारांच्या संघटनेलाही आपली बाजू मांडायची असेल, तर तिला हाच रस्ता आहे.

निव्वळ व्यक्तिगत नात्याने मत देणारा नागरिक, अशिलाचा खटला लढवणारा वकील, सामाजिक संवादात (कामगार आणि मालक यांच्यातल्या अधिकृत चर्चांत) भाग घेणाऱ्या कामगार व मालक संघटना (तेवढ्या भूमिकेपुरत्या), राजकीय पक्ष आणि सरकारी यंत्रणा यांना नोंदणी लागत नाही.

“आमची युरोपीय महासंघटना आहेच की नोंदलेली” असे म्हणून अनेक जण थांबतात. महासंघटनेची नोंदणी तिच्या कामापुरती असते. सदस्य संघटना स्वतः आयोगाच्या दारात जाणार असेल, तर तिला स्वतःची नोंदणी हवी.

अर्जात काय भरायचे?

नाव, कायदेशीर स्वरूप, मुख्यालयाचा पत्ता, संस्थेच्या वतीने कायदेशीर जबाबदारी घेणारी व्यक्ती आणि युरोपीय संघाशी संपर्काची जबाबदारी असलेली व्यक्ती, हा भाग अर्ध्या तासात उरकतो. मग संस्थेची उद्दिष्टे, सदस्य कोण, आपण स्वतः कोणाचे सदस्य आणि कोणत्या प्रस्तावांवर काम करता, हे लिहायचे. इथे नुसते ‘औद्योगिक धोरण’ लिहून भागत नाही. प्रस्तावाचे नाव द्या.

खरा कस लागतो मनुष्यबळ आणि खर्चाच्या रकान्यांत. या कामात किती माणसे आहेत आणि प्रत्येकाचा किती वेळ जातो, ते १०, २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के अशा टप्प्यांत सांगायचे. स्वतःच्या किंवा सदस्यांच्या हितासाठी काम करणाऱ्यांनी सरलेल्या आर्थिक वर्षातला या कामाचा अंदाजे खर्च ठरावीक गटांतून निवडायचा. सर्वात खालचा गट दहा हजार युरोंपेक्षा कमी खर्चाचा. पगाराचा हिस्सा, कार्यालयाचा खर्च, सल्लागाराची फी, महासंघटनेच्या वर्गणीतला या कामाचा वाटा, सगळे धरा. खर्च कमी दाखवण्याचा मोह होतो, पण नोंद जगजाहीर असते आणि कोणीही तक्रार करू शकतो. स्पर्धात्मकतेसाठी सार्वजनिक पैसा मागणाऱ्याने स्वतःचा हिशेब उघडा ठेवावा, हे मला योग्यच वाटते. युरोपीय संघाचे अनुदान घेत असाल तर तेही नोंदवावे लागते. सल्लागार संस्थांना मात्र अशिलांची नावे आणि त्यांच्याकडून मिळणारे उत्पन्न द्यावे लागते.

हाताशी ठेवायची कागदपत्रे: संस्थेचे नोंदणीपत्र व घटना, शेवटचा ताळेबंद, सदस्ययादी आणि अर्ज भरणाऱ्याला दिलेले अधिकारपत्र. नोंदवहीचे सचिवालय पडताळणीसाठी खुलासा किंवा पुरावा मागू शकते.

नोंदणीनंतर

आचारसंहिता मान्य करून अर्ज पाठवला की सचिवालय पात्रता तपासते. मग नोंदणी क्रमांक मिळतो. वर्षातून किमान एकदा माहिती अद्ययावत केली नाही, तर नाव वगळले जाऊ शकते. आयुक्त आणि त्यांच्या कार्यालयातल्या सदस्यांना भेटायला नोंदणी आधीपासून लागत होतीच. १ जानेवारी २०२५ पासून आयोगातल्या व्यवस्थापकीय पदांवरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना ती अट लागू झाली आहे. संसदेचा प्रवेशपास हवा असेल, तर प्रत्येक व्यक्तीने वेगळा अर्ज करायचा.

आयोगाच्या ‘हॅव युअर से’ संकेतस्थळावर मत नोंदवताना संस्थेला हाच क्रमांक विचारला जातो. तिथे २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येते. प्रस्ताव तयार होण्यापूर्वी आयोग काढतो त्या सुरुवातीच्या टिपणावर मत द्यायला साधारण ४ आठवडे, सार्वजनिक सल्लामसलतीला किमान १२ आणि आयोगाने प्रस्ताव स्वीकारल्यानंतर ८ आठवडे मिळतात. ४ आठवड्यांत सदस्यांची संमती घेऊन भूमिका लिहायचीच इतकी ओढाताण होते, की त्यात नोंदणीचे काम नको. ती आधीच उरकून घ्या.